एक गोचीड, तीन रिपोर्ट

पत्र (थोडं आटोपशीर करून):

‘ताई, आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. गेल्या जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोज डोंगरांत गेलो होतो. शनिवारी जंगलातून फिरलो आणि सोमवारी सकाळी आंघोळीच्या वेळी नवऱ्याला गुडघ्याच्या मागे गोचीड दिसली. चिमट्याने काढली. गुरुवारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लाइमची, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी केली, ती निगेटिव्ह आली, “काळजी नको” म्हणाले. औषध काही दिलं नाही. लाइममध्ये कातडीवर उठतो तो चट्टा आम्हाला तरी दिसला नाही. ऑक्टोबरपासून मात्र त्याला सतत थकवा आहे, अंग दुखतं, पायांना मुंग्या येतात, बोलताना शब्द आठवत नाहीत. फेब्रुवारीत पुन्हा तपासणी, पुन्हा निगेटिव्ह. मग इथल्या एका मैत्रिणीने एका “लाइम स्पेशालिस्ट”चं नाव सुचवलं. त्यांनी वेगळ्याच लॅबला रक्त पाठवलं, बाराशे डॉलर आम्ही खिशातून भरले, आणि रिपोर्ट आला पॉझिटिव्ह! ते म्हणतात, साध्या लॅबची तपासणी निम्म्या वेळा चुकते, शिवाय ब्लॉट नावाची पुढची तपासणी तर त्यांनी केलीच नाही. आता सहा महिने अँटिबायोटिक्स घ्यायची, त्यातले पहिले दोन महिने दंडात नळी घालून. सांगलीचे माझे थोरले दीर डॉक्टर आहेत, ते म्हणतात लाइम हे अमेरिकेतलं फॅड आहे. नवरा ४६ वर्षांचा, शाकाहारी. साखर काठावर म्हणून तीन वर्षं मेटफॉर्मिन घेतो. बाकी काही नाही. कुठल्या रिपोर्टवर विश्वास ठेवू? मे महिन्यात भारतात येतोय, तेव्हा पुण्यात चौथी तपासणी करून घेऊ का?’

सस्नेह नमस्कार.

पहिला रिपोर्ट फाडून टाका, दुसरा जपून ठेवा आणि तिसऱ्याचे बाराशे डॉलर गेले असं समजा. चौथी तपासणी नको. आणि दंडातली नळी तर अजिबात नको, निदान दुसऱ्या, संसर्गजन्य रोगांच्या डॉक्टरांनी तपासल्याशिवाय तरी. मी तुमच्या यजमानांना तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांना काय झालंय हे मी सांगू शकत नाही. पण रिपोर्ट कसे वाचायचे, हे सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे, तेवढं सांगते.

तुमचा अविश्वास मला समजतो. खरं तर या आजाराचा शोधच अशा अविश्वासातून लागला. कनेटिकट राज्यात लाइम नावाचं गाव आहे. १९७५ च्या आसपास तिथे आणि शेजारच्या गावांत मुलांचे गुडघे सुजू लागले. डॉक्टर लहान मुलांचा संधिवात म्हणून मोकळे होत होते. पॉली मरे नावाच्या एका आईला हे पटेना. कोण कधी आजारी पडलं हे ती टिपून ठेवत राहिली आणि आरोग्य खात्याच्या मागे लागली. येल विद्यापीठाचे ॲलन स्टीअर तपासायला आले ते त्यानंतर. पुढे विली बर्गडॉर्फर यांना गोचिडींच्या पोटात तो मळसूत्री जिवाणू दिसला आणि १९८२ मध्ये ते जाहीर झालं. म्हणून त्याचं नाव बोरेलिया बर्गडॉर्फेरी. डॉक्टर ‘काही नाही’ म्हणाले की घरच्या बाईने गप्प बसावं, असं मी म्हणणार नाही. फक्त अविश्वास कुठे खर्च करायचा ते नीट ठरवू या.

आधी पहिला रिपोर्ट. लाइमची नेहमीची तपासणी जिवाणू शोधतच नाही. हा जिवाणू रक्तात फार थोडा आणि थोडाच काळ असतो. तिथून तो कातडीत, सांध्यांत, नसांत जाऊन बसतो. त्याला लॅबमध्ये वाढवायचं तर खास माध्यम आणि आठवडे लागतात. रक्तात जिवाणूची जनुकं शोधणारी पीसीआर केली तरी बहुतेकदा हाताला काही लागत नाही. म्हणून आम्ही शोधतो त्या अँटिबॉडीज, म्हणजे शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं. ती बनायला वेळ लागतो. आयजीएम जातीची साधारण दोन-तीन आठवड्यांनी दिसू लागतात, आयजीजी चार ते सहा आठवड्यांनी. अंगावर लाइमचा चट्टा स्पष्ट दिसत असतानाही, त्या पहिल्या दिवसांत ही तपासणी दहातल्या तीन-चार जणांनाच पकडते. तुमचे यजमान तर गोचीड काढल्यावर चौथ्याच दिवशी सुई टोचून घेऊन आले. शेत पेरल्यावर चौथ्या दिवशी कणसं मोजायला जाण्यासारखं ते झालं. तो निगेटिव्ह रिपोर्ट खोटा नव्हता, पण त्याला काही अर्थही नव्हता.

त्या दिवशी खरं तर रक्त काढण्याऐवजी वेगळं काही करायला हवं होतं. गोचीड अंगावर दीड दिवस किंवा जास्त चिकटून होती, ती लाइम पसरवणाऱ्या जातीची होती, इलाका लाइमचा आहे, आणि काढून ७२ तास उलटलेले नाहीत, असं असेल तर मोठ्या माणसाला डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा २०० मिलिग्रॅमचा एकच डोस देतात. तुमच्या हिशेबाने शनिवार ते सोमवार म्हणजे दीड दिवसाच्या वर गेले, आणि सोमवार सकाळ ते गुरुवार सकाळ म्हणजे बरोबर काठावर. असो. ती वेळ गेली.

‘निम्म्या वेळा चुकते’ हे वाक्य येतं ते याच पहिल्या आठवड्यांच्या आकड्यांतून. अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्याची पंचाईत अशी की ते खोडून काढताना आपणच खोटे वाटतो. सुरुवातीला ही तपासणी निम्म्याहून जास्त जणांना हुकवते, हे खरंच. पण हुकण्याचं हे प्रमाण कायम तेवढंच राहत नाही. आठवडे जातात तशी प्रतिपिंडं वाढतात, आणि महिन्यांनी, सांध्यांत लाइम उतरलेला असतो तेव्हा तर आयजीजी जवळजवळ सगळ्यांत सापडतात. उपचार न झालेल्या माणसात आठ महिन्यांनंतर जिवाणू अंगभर हिंडतो आहे आणि शरीराने त्याची दखलही घेतलेली नाही, असं होणं फार म्हणजे फारच दुर्मीळ. एक अपवाद सांगून ठेवते. अगदी सुरुवातीला अँटिबायोटिक मिळालं असेल तर प्रतिपिंडं बनायची राहून जातात. तुमच्या यजमानांना औषध दिलंच गेलं नाही. तेव्हा नशिबाने झालेल्या त्या चुकीमुळे फेब्रुवारीचा तुमचा निगेटिव्ह रिपोर्ट अधिकच भरवशाचा झाला आहे.

‘ब्लॉट केलाच नाही’ ही तक्रारही ऐकायला चांगली लागते. तपासणी दोन पायऱ्यांची असते. पहिली एलायझा, म्हणजे प्रतिपिंडं आहेत का हे बघणारी चाचणी. ती पॉझिटिव्ह किंवा अधलीमधली आली तरच दुसरी, वेस्टर्न ब्लॉट. २०१९ पासून ब्लॉटऐवजी वेगळ्या जातीची दुसरी एलायझाही चालते, तिला तिथल्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली आहे. पहिली पायरी मुद्दामच सैल ठेवलेली असते, म्हणजे आजारी माणूस सुटू नये. दुसरी कडक, म्हणजे निरोगी माणूस अडकू नये. एवढ्या पसरट जाळ्यातही जो मासा आला नाही, त्याच्यासाठी बारीक तपासणी करण्यात मतलब नसतो. उलट केली तर गोंधळ वाढतो. तुमच्या तिसऱ्या रिपोर्टमध्ये नेमकं तेच झालं आहे.

तो रिपोर्ट तुम्ही पत्रासोबत पाठवलात हे फार बरं केलंत. मी दोनदा वाचला.

ब्लॉट म्हणजे काय, तर कागदाची बोटाएवढी पट्टी. जिवाणूची वेगवेगळी प्रथिनं वजनाप्रमाणे तिच्यावर ओळीने लावलेली असतात. रुग्णाच्या रक्तातलं प्रतिपिंड ज्या प्रथिनाला चिकटेल तिथे आडवी रेघ उमटते. नव्वदच्या दशकात एचआयव्हीचे ब्लॉट मी शेकड्यांनी वाचले आहेत. गडद रेघ कुणीही वाचील. पण फिकट रेघ? ती खिडकीच्या उजेडात दिसते, ट्यूबलाइटखाली दिसत नाही. आमच्याकडे दोघींनी स्वतंत्रपणे वाचायचं आणि मग ताडून बघायचं, असा नियम होता, आणि त्या ताडण्यावरून आमची भांडणं झाली आहेत. म्हणून किती रेघा म्हणजे पॉझिटिव्ह, हे आधीच ठरलेलं असावं लागतं.

लाइमसाठी ते ठरलं १९९४ मध्ये, मिशिगनमधल्या डिअरबॉर्न इथे झालेल्या परिषदेत. त्याआधी ज्याचा त्याचा कायदा होता आणि एकच रक्त दोन लॅबमध्ये दोन उत्तरं देत असे. डिअरबॉर्नचा नियम असा: आयजीएमच्या तीन ठरलेल्या रेघांपैकी दोन हव्यात, आयजीजीच्या दहांपैकी पाच. आणि आयजीएम फक्त आजाराच्या पहिल्या तीस दिवसांतच मोजायचं. तीस दिवसांनंतर नुसतंच आयजीएम आलं आणि आयजीजी आलंच नाही, तर ते बहुधा खोटं, असं धरायचं.

तुमच्या यजमानांच्या कागदावर काय आहे? आयजीएममध्ये २३ आणि ४१ वर फिकट रेघा. आयजीजीमध्ये ४१ आणि आणखी एक. खाली ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’, आणि त्याच्याही खाली मुंगीच्या अक्षरांत ‘प्रयोगशाळेच्या स्वतःच्या निकषांनुसार’. आता बघा. आयजीएमच्या दोन रेघा आहेत खऱ्या, पण चावल्याला तेव्हा नऊ महिने झाले होते, म्हणून त्या मोजायच्या नाहीत. आयजीजीला पाच हव्यात, आहेत दोन. आणि ही जी ४१ नंबरची रेघ आहे ना, ती जिवाणूच्या शेपटीच्या प्रथिनाची. असली शेपटी कितीतरी साध्या जिवाणूंना असते, त्यामुळे धडधाकट माणसांतही ती रेघ सर्रास उमटते. माझ्या रक्तातही उमटेल कदाचित, आणि मी पोकोनोज पाहिलेलं नाही.

तुम्हाला हे विडालच्या भाषेत सांगते, कारण विडाल माहीत नाही असा मराठी माणूस मला भेटलेला नाही. पावसाळ्यात कुणालाही ताप आला की विडाल, आणि विडाल आली की ‘टायफॉइड निघाला’. आमच्या लॅबमध्ये नवीन किट पडताळायला आम्ही आमचंच रक्त घालायचो. एका वर्षी आम्हा सहाजणांत दोघे पॉझिटिव्ह. दोघेही ठणठणीत, त्याच दिवशी वडापाव खाऊन आलेले. जिथे लहानपणापासून त्या जंतूशी ओळख असते तिथे रेषा कुठे आखायची हा प्रश्न असतो, आणि रेषा खाली आखली की गावच्या गाव आजारी ठरतं.

लाइमच्या बाबतीत हे कुणी मोजून पाहिलं आहे का? हो. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये तेच रक्त चार लॅबना पाठवून पाहिलं. त्यात ४० निरोगी माणसंही होती. स्वतःचे निकष वापरणाऱ्या एका खास लॅबने त्या निरोगी माणसांपैकी निम्म्याहून जास्त जणांना पॉझिटिव्ह ठरवलं. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं, आणि नाण्याला बाराशे डॉलर पडत नाहीत.

थोडा हिशेब करू. समजा थकवा आणि अंगदुखीची तक्रार असलेली, पण लाइमची दुसरी कुठलीच खूण नसलेली हजार माणसं आहेत. त्यातल्या दहांना खरोखर लाइम आहे असं धरा. शंभरात एकदाच खोटं बोलणारी चांगली तपासणी त्या दहांना पकडील आणि उरलेल्या ९९० मधल्या दहाएक निरोग्यांनाही. म्हणजे पॉझिटिव्ह वीस, त्यातले निम्मे खोटे. चांगल्या तपासणीचीही ही गत! आता निरोग्यांतल्या निम्म्यांना पॉझिटिव्ह म्हणणारी लॅब घ्या: दहा खऱ्यांच्या जोडीला पाचशे खोटे. म्हणूनच सुजलेला गुडघा, वाकडा झालेला चेहरा असं काही समोर असल्याशिवाय ही तपासणी सरसकट करू नये, असं जाणते डॉक्टर सांगतात. आणि गंमत म्हणजे खरा चट्टा समोर असेल तेव्हाही करू नये म्हणतात. तेव्हा चट्टा बघून थेट औषध द्यायचं.

चट्ट्याबद्दल थांबून एक सांगायला हवं. ‘दिसला नाही’ म्हणजे उठला नाही असं नाही. लाइम झालेल्या दहातल्या सात-आठ जणांना तो चावल्यापासून तीन ते तीस दिवसांत उठतो. पण पुस्तकांतले फोटो गोऱ्या कातडीवरचे, गोलात गोल असलेल्या निशाण्यासारखे. अमेरिकेतले बहुतेक चट्टे तसे नसतात, नुसता पसरत जाणारा एकसारखा चट्टा असतो. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर तर तो लाल न दिसता जांभळट किंवा तपकिरी दिसतो, आणि गुडघ्याच्या मागे तो बघणार कोण? तेव्हा चट्ट्याच्या नसण्यावर मी भिस्त ठेवत नाही. माझी भिस्त फेब्रुवारीच्या रिपोर्टवर आहे.

नळीबद्दल मी जरा कडक बोलते, माफ करा. लाइमनंतर रेंगाळणाऱ्या थकव्याला लांबलचक अँटिबायोटिक्सचा उपयोग होतो का, हे नीट तपासून झालं आहे. २००१ मध्ये अमेरिकेत १२९ रुग्णांना, निम्म्यांना तीन महिने औषध आणि निम्म्यांना नुसतं पाणी-साखर म्हणावं असं दिलं. फरक पडला नाही. २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये २८१ रुग्णांवर पुन्हा तसंच. तिथेही लांब कोर्सने जास्त बरं वाटलं नाही. २०१७ मध्ये सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, अशा उपचारांतून गंभीर इजा झालेल्या पाच रुग्णांची हकिगत छापली. त्यातली एक तिशीतली बाई नळीतून रक्तात शिरलेल्या जंतूंनी दगावली. हे ज्यांना लाइम झाला होता किंवा झाला असं सांगितलं होतं त्यांच्याबद्दल. तुमच्या यजमानांना तो आहे याचाच पुरावा नाही.

पण थकवा आहे, तो खरा आहे. लाइम नाही म्हणजे ‘मनाचे खेळ’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही घाईघाईने लिहून पुढे गेलात आणि मी तिथेच अडकले: शाकाहारी, तीन वर्षं मेटफॉर्मिन, बाकी काही नाही. अहो, हेच तर बरंच काही आहे! शाकाहारात बी१२ मुळात कमी, आणि मेटफॉर्मिन ते शोषलं जाणं आणखी कमी करतं. बी१२ उतरलं की थकवा येतो, पायांना मुंग्या येतात, शब्द विसरतात. एवढ्या तपासण्यांत ही एक झाली का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. घरी कुणी गोळ्या सुरू केल्या नसतील तर तपासणीआधी करूही नका. आकडा २०० ते ३०० च्या मध्ये आला तर लॅब ‘नॉर्मल’ छापून मोकळी होईल. तेव्हा डॉक्टरांना मिथिलमॅलॉनिक ॲसिडची तपासणी मागा. ती पेशींना बी१२ खरोखर पुरतंय का ते सांगते. सोबत थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखरेचा तीन महिन्यांचा आकडा. आणि रात्री ते घोरतात का, मध्येच श्वास थांबतो का, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तेही डॉक्टरांना सांगा.

मात्र यातलं काही झालं तर वाट पाहू नका: एक गुडघा नारळासारखा सुजणं, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, छातीत धडधडून चक्कर येणं. तेव्हा सरळ इमर्जन्सीत जायचं आणि जूनची गोचीड सांगायची.

पुण्यातली तपासणी कशासाठी नको, तर प्रश्न लॅबच्या हुशारीचा नाहीच. जिथे लाइम रोज बघतात तिथल्या लॅबने योग्य वेळी उत्तर दिलेलं आहे. इथे तो क्वचित बघतात. पुन्हा एक फिकट रेघ आली तर तुम्ही विमानात बसून रडत जाल.

आणि भाऊजींना माझा नमस्कार सांगा. लाइम फॅड नाही. सीडीसीच्या अंदाजाने अमेरिकेत वर्षाला ४,७६,००० जणांवर त्याचे उपचार होतात आणि न्यू जर्सी त्यात वरच्या नंबरांत असते. फॅड आहे ते त्याच्या नावाने चालणाऱ्या बाजाराचं. सांगलीत गोचीड गुरांच्या अंगावरच दिसते म्हणून तिला हलकं लेखू नये, हे भाऊजींना सिंधुदुर्गातले डॉक्टर सांगतील. २०१६ मध्ये दोडामार्ग भागात माकडताप आला तो गोचिडीच्याच पाठीवरून.

जून पुन्हा येतोय. या महिन्यांत चावते ती गोचिडीची पोर, खसखशीच्या दाण्याएवढी. फिरून आलात की त्याच दिवशी आंघोळ, गुडघ्यामागे, काखेत, केसांत हात फिरवून बघणं, एवढं करा. सापडली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, हळद, पेटती काडी, यातलं काही नको. काढल्यावर तिचा फोटो घ्या, तारीख लिहा आणि पहिल्या तीन दिवसांत डॉक्टरांना एका डोसबद्दल विचारा. रक्त काढा म्हणाले तर म्हणा, आत्ता नको, लक्षणं दिसली तर महिन्याने.

बी१२ चा आकडा आला की मला कळवा.